दहावी डबी

"ताई, काल डब्या किती आणल्या होत्या?"

"नऊ. नऊ डब्या, नऊ फॉर्म. पोच तुमच्याच सहीची आहे."

"दहा होत्या."

"काका, चष्मा बदला आता," मी म्हणाले आणि आजची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगाची ती खोली मला आवडते. एक खिडकी, एक बेसिन, लाल-निळ्या डागांनी माखलेलं टेबल आणि त्यामागे सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला हा माणूस. सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. आम्ही घरोघर फिरून लोकांची थुंकी गोळा करायची आणि त्यांनी ती काचेवर पसरून, रंगवून तिच्यात टीबीचे जंतू शोधायचे, असा आमचा धंदा. धंदा घाण असला तरी मोहीम चांगली आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पूर्वी माणूस खोकून खोकून अर्धा झाला की मग दवाखान्याची पायरी चढायचा. आता दवाखानाच त्याच्या दारात येतो, म्हणजे मी येते. तपासणी फुकट, औषध फुकट, सहा महिने रोजच्या गोळ्या. माझ्या वाट्याच्या चारशे घरांत या तीन महिन्यांत चौदा जण सापडले आणि त्यातले निम्मे 'मला काय धाड भरलीय' म्हणणारे होते. गल्लीतली पोरं मला खोकलाबाई म्हणतात. मी लांबून दिसले की एकजण खोटं खोटं खोकतो आणि बाकीचे ओरडत पळतात. मला राग येत नाही. नाव पडलं म्हणजे काम पोचलं.

भिंगकाका हसले नाहीत. त्यांनी खणातून एक रिकामी केलेली डबी काढून माझ्यापुढे ठेवली. "पिशवीच्या तळाशी होती. बर्फाच्या पाकिटांच्याही खाली. वर नाव नाही, नंबर नाही, फॉर्म नाही. म्हटलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. नियमाप्रमाणे अशी डबी फेकायची असते, तुम्हाला माहीत आहे. पण झाकणावर कुणीतरी दोरा इतका जपून गुंडाळला होता, गाठीवर गाठ मारून, की माझा हात होईना. लावली एक काच." त्यांनी डबी परत खणात ठेवली. "तीन प्लस आहे, ताई. शोधावं लागलं नाही. डोळा लावला आणि समोर जत्राच. हा माणूस चार महिने तरी खोकत असणार. जवळपास राहणाऱ्यांना जंतू वाटत असणार."

"दोरा कसला होता?" मी विचारलं.

"शिलाईचा. निळा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. भला माणूस. "नाव आणा, ताई. नाव-पत्ता असल्याशिवाय रजिस्टरला चढवता येत नाही आणि रजिस्टरला चढल्याशिवाय औषधाचा खोका निघत नाही. मी पाचपर्यंत आहे. उद्यापासून तीन दिवस मी वरच्या कार्यालयात, म्हणजे गेलाच आठवडा. आणि काच निनावी ठेवता येत नाही मला. आज ना उद्या फेकावी लागणार."

जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. नुसती तहान लागली. मी त्यांच्या बेसिनजवळच्या माठातलं पाणी पेलाभर प्याले, अजून एक पेला प्याले आणि बाहेर आले. बर्फाची पाकिटं पिशवीत मी भरत नाही. ती घरी अक्का भरतात. रोज सकाळी साडेसहाला मी उभ्या उभ्या चहा पीत असते, माझी पोर छोटी अंथरुणात लोळत असते आणि अक्का फ्रीजमधली पाकिटं काढून, फडक्याने पुसून, पिशवीच्या तळाशी नीट अंथरून चेन लावून माझ्या हातात देतात. 'जपून गं,' एवढंच म्हणतात. पाकिटांच्या खाली जे काही असेल ते पिशवी आमच्या घरात असतानाच गेलेलं असणार. आणि निळा दोरा गेला महिनाभर आमच्या घरात जिथे तिथे आहे, केरात आहे, छोटीच्या केसांत आहे, एकदा भातातसुद्धा निघाला. अक्का उशांचे अभ्रे शिवतात, या खेपेचे निळे आहेत. कुठल्याच झाकणावर त्यांचा विश्वास नाही. माझ्या डब्यालासुद्धा त्या दोरा बांधून देतात. म्हणजे काल सकाळी साडेसहापासून साडेनऊपर्यंत, चारशे घरांच्या गल्ल्यांतून, मी आमच्याच घरची थुंकी खांद्याला लावून हिंडत होते आणि दारोदार विचारत होते, घरात कुणाला खोकला आहे का.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळेच त्यांना अक्का म्हणतात, छोटीसुद्धा. लग्नानंतर चारच वर्षांत त्यांचा नवरा गेला, मूल नव्हतं, सासरच्यांनी हात वर केले आणि त्या एक पत्र्याची पेटी आणि शिलाई मशीन घेऊन भावाकडे आल्या. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. मी मनात म्हटलं होतं, झालं, बसली आता ही मानेवर. खोटं कशाला बोलू. पण त्या मानेवर बसल्या नाहीत, कोपऱ्यात बसल्या आणि त्या कोपऱ्यातून त्यांनी सगळं घर उचललं. नवरा ट्रकवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. छोटी झाली आणि चौथ्या महिन्यात मी कामावर गेले, ते अक्कांच्या जिवावर. छोटी पहिलं पाऊल टाकायला लागली ते अक्कांनी पाहिलं, तिचा पहिला दात अक्कांना लागला, 'अक्का' हा शब्द ती 'आई'च्या आधी म्हणाली. मी हसले होते तेव्हा. हसण्यासारखं होतं का ते? आता रस्त्याच्या कडेला उभी राहून मी अक्कांवर अशी चिडले होते की हातातली रिकामी पिशवी कुणाला तरी फेकून मारावी. तोंड नव्हतं का तुम्हाला, अक्का? एवढ्या मोठ्या घरात नाही, दोन खोल्यांत राहतो आपण. ताटाला ताट लावून जेवतो. आणि चोरासारखी डबी लपवून ठेवता? परवा जेवताना विचारत होत्या, 'तुमच्याकडे तपासायला किती दिवस लागतात गं?' मी मोबाइलवर दिवसाची माहिती भरत होते. मान वर न करता म्हटलं, 'एक दिवस. का?' 'सहज,' म्हणाल्या. सहज! काल दिवसभर आणि रात्रभर त्या वाट बघत बसल्या असतील आणि मी घरी येऊन पाय चेपत, 'आज फार फिरले बाई,' म्हणून पडले.

मी घरी जायला हवं होतं. साडेदहा वाजले होते, घर वीस मिनिटांवर, पाच वाजायला खूप वेळ होता. पण मी उलट दिशेला वळले आणि दिवसाची घरं करायला लागले. कारण सांगता येतं मला, दिवसाला पंचवीस घरं झाली नाहीत तर नकाशावर ठिपका लाल दिसतो. पण ते कारण नव्हतं. घरी जाऊन मला तो फॉर्म आठवावा लागला असता. आणि तो तर मला चालता चालताही आठवत होताच.

तीन महिन्यांपूर्वी मोहीम सुरू झाली तेव्हा आमचं प्रशिक्षण झालं. मोठा हॉल, चाळीस बायका, पुढे पडदा आणि वरच्या कार्यालयातून आलेले साहेब. साहेब हुशार होते, कामाची कळकळ होती त्यांना, उगाच नावं ठेवणार नाही. दुपारच्या सत्रात त्यांनी सगळ्यांना मोबाइलवर फॉर्म उघडायला लावला आणि म्हणाले, सरावासाठी प्रत्येकीने आपल्याच घराचा फॉर्म भरा. घरातली माणसं किती, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला आहे का, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरलंय का. बायका कुजबुजत होत्या, नवऱ्याचं वय आठवत होत्या, हसत होत्या. मी पटापट भरला. माणसं चार. खोकला नाही. ताप नाही. घाम नाही. वजन नाही. दीड मिनिट. सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. साहेबांनी माझा फॉर्म पडद्यावर घेतला, एवढा मोठा, आणि म्हणाले, 'असा भरायचा. एकही रकाना रिकामा नाही, एकही खाडाखोड नाही. हे आपलं पहिलं निरोगी घर.' टाळ्या झाल्या. नंतर कळलं, सरावाचे ते चाळीस फॉर्म कुणी पुसलेच नाहीत. ते तसेच खरे म्हणून गेले. पहिल्याच दिवशी चाळीस घरं पूर्ण, आकडा बरा दिसत होता. नकाशात आमच्या घरावर हिरवा ठिपका पडला तो तेव्हा. दर फेरीला बाकीच्या घरांचे ठिपके पुसून पुन्हा विचारायचं असतं, सरावाची घरं मात्र हिरवीच राहिली आणि तिथे पुन्हा कुणी गेलं नाही. आमच्या गल्लीतली घरं माझ्याच वाट्याला आहेत, म्हणजे गेलं असतं तर मीच गेले असते. चारशे घरांत एकच घर असं होतं की जिथे कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि मी रोज तिथेच झोपत होते. आम्ही आपसात बोललो होतो या सरावाच्या फॉर्मबद्दल. एकीने म्हटलंही होतं, 'अगं, मी तर सासऱ्यांचा दमाही लिहिला नाही.' सगळ्या हसल्या. मीही हसले.

आणि विचारलं नव्हतं, एवढंच असतं तर बरं झालं असतं. चौदाव्या की पंधराव्या घराच्या जिन्यावर मी बसले, आणि तिथे माझं मलाच सांगून टाकलं. मी ऐकलं होतं. प्रशिक्षणाच्या त्याच दिवशी सकाळी अक्का मोरीत खोकत होत्या. नळ सोडून खोकत होत्या. नळाच्या आवाजाआडचा खोकला मला कळत नाही? लोक नळ सोडतात, रेडिओ मोठा करतात, मूल रडवतात, मी सगळे प्रकार ओळखते, त्यावर तर माझं नाव आहे. आणि 'खोकला' या रकान्यात 'नाही' दाबताना तो नळ माझ्या कानात होता. अर्धा क्षण होता. मग मी म्हटलं, हवा बदललीय, दोन दिवसांत जाईल. दोन आठवडे झाले की नाही, ते कुठे माहीत आहे? खोकला आहे म्हटलं असतं तर पुढे सात प्रश्न उघडतात. नमुना घ्यावा लागतो. आणि शेजारच्या दोघी माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होत्या. मला पहिलं यायचं होतं. झालं, एवढंच आहे. यापेक्षा मोठं कारण मी शोधत होते, सापडलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी मोठ्या थाटात सांगितलं होतं. 'अक्का, आज आपलं घर पडद्यावर! निरोगी घर!' छोटी टाळ्या वाजवत नाचली. अक्का मशीनवर होत्या. 'हो का? छान झालं,' म्हणाल्या आणि मशीन जोरात चालवायला लागल्या. मला वाटलं, काम उरकायची घाई आहे. तेव्हापासून त्या मशीन फार चालवतात. तेव्हापासूनच रात्री माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतात, 'तुझी झोप मोडायला नको, सकाळी उठायचं असतं.' छोटी त्यांच्याजवळ बाहेरच्या खोलीत झोपते, लहानपणापासूनच. मला तर ते बरंच वाटलं. दार बंद, पंखा फुल, मी मेल्यासारखी झोपायचे. मी अक्कांचे उपकार असे घेत गेले की ते उपकार आहेत हेही दिसेना.

विसाव्या घरातली बाई ओळखीची. दर खेपेला पाणी देते. मी बसले, पाणी प्याले, तिच्या मोठ्या मुलीचं कसं चाललंय विचारलं, फॉर्म भरला आणि उठले. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "खोकलाबाई, आज खोकल्याचं विचारलंच नाहीत?" मी मोबाइल पाहिला. चार माणसं. नाही, नाही, नाही, नाही. मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. माझ्या बोटाने आपोआप दाबलं होतं. "बरं नाही का तुम्हाला?" बाई म्हणाली. "तोंड उतरलंय." मी म्हटलं, "पुसते हे. परत येते मी, उद्या येते." आणि तिच्यासमोरच तो फॉर्म पुसला. मग घराकडे निघाले. साडेतीन झाले होते. वाटेत पायांपेक्षा डोकंच जास्त पळत होतं. छोटीचं वजन मी शेवटचं कधी केलं? दुसऱ्यांच्या पोरांना धरून धरून काट्यावर उभी करते. आपली पोरगी शेवटची काट्यावर कधी उभी राहिली, ते मला सांगता येईना. तिचा सदरा मोठा होतो म्हणून अक्कांनी गेल्या महिन्यात बाजूने टाके घातले होते. मी म्हटलं होतं, मोठ्या मापाचाच आणला होता बहुतेक.

दार उघडंच होतं. अक्का मशीनवर वाकलेल्या होत्या, छोटी उंबऱ्यात पाटीवर घरं काढत बसली होती. मी अक्कांकडे, एखाद्या परक्या घरात शिरल्यावर बघते तसं, पहिल्यांदा पाहिलं. मानेच्या खळग्यात बोट मावेल इतका खड्डा. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं. हे माझ्या डोळ्यांपुढे रोज होतं आणि मी म्हणत होते, अक्कांची अंगकाठीच बारीक.

"आज लवकर आलीस?"

"निकाल आला."

मशीन थांबलं नाही. त्यांनी ती शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला आणि अभ्रा घडी करून ठेवला. "मग? आहे?"

"आहे. खूप आहे."

"बरं," अक्का म्हणाल्या. जसं काही मी दूध संपल्याचं सांगितलं होतं.

मग मात्र माझा तोल गेला. "बरं काय, अक्का? तोंडाने सांगता आलं नाही तुम्हाला? मी काय वाघ आहे का? सबंध गावाच्या छातीला कान लावत फिरते मी आणि माझ्याच घरात तुम्ही नळ सोडून खोकता?"

"ओरडू नकोस, पोर घाबरते." त्यांचा आवाज बसलेला होता. किती दिवस बसलेला होता कोण जाणे. "सांगणार होते. त्याच संध्याकाळी सांगणार होते. तर तू आलीस ती नाचतच. पडद्यावर दाखवलं, निरोगी घर म्हणाले. तुझा चेहरा असा खुलला होता. मी म्हटलं, राहू दे, आठ दिवसांत बरा होईल. मग पंधरा दिवस झाले, महिना झाला. मग वाटलं, आता सांगितलं तर सरकारी कागद खोटा ठरेल. तूच म्हणतेस ना, तिथे माणूस काढायला टपलेलेच असतात. कंत्राटाची नोकरी तुझी."

"गेली असती तर गेली असती नोकरी!"

"आणि मग खाल्लं काय असतं?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "माझे अभ्रे?"

मी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसले आणि पिशवीतून कागदाचा फॉर्म काढला. मोबाइल नको वाटला. मोबाइलने त्या घरावर हिरवं दाखवलं असतं. अक्का फॉर्मकडे बघत राहिल्या. मग जवळ सरकल्या, आणि लगेच, आठवण झाल्यासारख्या, मागे सरकल्या. म्हणाल्या, "एक ऐकशील? पत्ता दुसरा घाल. माझ्या सासरचा घाल. ते घर पडलंय आता, तिथे कोण बघायला जातंय. औषध मिळाल्याशी कारण. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

खरं सांगते, वाटेत हे माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं. अगदी हेच. सासरचा पत्ता, तिथली गल्ली, कुणाला कळणार नाही. भिंगकाकांनी डोळेझाक केली असती. नाव एक, पत्ता एक, खोका मिळाला असता, आणि आमचं घर हिरवंच राहिलं असतं. एवढं सोपं होतं की मला माझीच भीती वाटली. कारण पत्ता जिथला, तपासणी तिथल्या माणसांची होते. पडक्या घरात कुणी राहत नाही म्हणून ते तपासणी बंद करतील. आणि रुग्णासोबत जे कुणी जेवतं-झोपतं, त्यातलं कागदावर कुणीच नसेल.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "इथलाच घालते." आणि घातला. अक्षर वाकडं आलं. त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण. इतक्या वर्षांत मी ते कधी पूर्ण लिहिलं नव्हतं. वय विचारलं. मला त्यांचं वय माहीत नव्हतं. एक्केचाळीस. मी पन्नाशी धरून चालले होते.

"खोकला कधीपासून?"

अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला सोयीचं पडेल ते लिही."

मी रडले तेव्हा. आवाज न करता वगैरे नाही, भडभडून रडले, पेन हातात धरून. त्या उठल्या, मला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. हात तसाच हवेत राहिला. गेला महिनाभर त्या मला हात लावत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "कधीपासून, अक्का? खरं."

"तुझ्या त्या शिकवणीच्या आधीपासून. महिना असेल आधी."

"रक्त?"

"दोनदा. तीनदा. जास्त नाही."

लिहिलं. पुढचा रकाना होता, रात्री एकाच खोलीत सोबत कोण झोपतं. अक्का ठेवलेला अभ्रा उलगडून पुन्हा घडी घालू लागल्या. उंबऱ्यात पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज थांबला. या कामात मला एक गोष्ट कळलीय. माणूस स्वतःचा खोकला कबूल करत नाही, जीव गेला तरी करत नाही. पण दुसऱ्याचा लगेच सांगतो. म्हणून मी कधीच कुणाला 'तुला खोकला आहे का' विचारत नाही. विचारते, 'त्याच्या खोकल्याने रात्री तुझी झोप मोडते का?' या एका प्रश्नाने चौदातले नऊ सापडलेत. मी खुर्ची वळवली आणि छोटीला, माझ्या पोरीला, तोच प्रश्न त्याच कामाच्या आवाजात विचारला.

"छोटी, रात्री अक्कांच्या खोकल्याने तुझी झोप मोडते का गं?"

छोटीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने अक्कांकडे पाहिलं. ओठ आत दुमडून घेतले. दोघींचं ठरलेलं होतं काहीतरी, अळीमिळी गुपचिळी, आणि ते माझ्यापासून होतं. अक्कांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सांग बाळा. आता सांग. आई रागावणार नाही."

"नाही मोडत," छोटी म्हणाली. "आम्ही आळीपाळीने खोकतो. आधी अक्का, मग मी. तोंडावर उशी धरून. तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मला वाटलं नक्कल करते गं," अक्का म्हणाल्या. "माझी नक्कल करते, खेळ करते, असं वाटलं. खरंच." मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि या वेळी त्यांनी नळ सोडला नाही, मशीन चालवलं नाही. तोंडावर फडकं धरून त्या भिंतीकडे तोंड करून खोकत राहिल्या. किती वेळ चाललं ते. मी बसून सगळं ऐकलं.

मग सोबत झोपणाऱ्या व्यक्ती या रकान्यात छोटीचं नाव लिहिलं. वय सहा. खोकला, हो. खाली, घरातल्या इतर व्यक्ती या रकान्यात, पहिलं नाव लिहिलं ते माझं. फॉर्मवर सही केली. पाच वाजायला पस्तीस मिनिटं होती. मी दोघींना चपला घालायला सांगितल्या.